शेवटच्या ओळीतला आकडा

आता ही स्लाइड बघा. २००३ साली कोलंबिया यान अवकाशात असताना नासापुढे मांडलेली. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. इजा किती झाली, हा प्रश्न. मथळा दिलासा देणारा: चाचण्यांवरून केलेले अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, चाचणीतला तुकडा ३ घन इंच, आदळलेला १९२०! म्हणजे ६४० पट. चाचणी इथे लागूच पडत नव्हती. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सात जण गेले.

एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड करताना दोष पॉवरपॉइंटच्या बुलेटांच्या उतरंडीला दिला. आम्हाला हे अर्धंच पटतं. उतरंड सॉफ्टवेअरची, पण मथळा माणसानेच लिहिला ना? तिथे प्रमाणात काढलेले दोन ठोकळे पुरले असते. (बाजू साधारण साडेआठ पट घ्यायची हं, ६४० पट घेतली तर ती उलटी लबाडी.)

टफ्टींचं टिपण मात्र जरूर वाचा. 'सिग्निफिकंट' हा मोघम शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा येतो, हे त्यांनीच मोजून दाखवलं.