रंगाला लगाम : शब्द की प्रत्यक्ष?

आजचा विषय यंत्राचा वाटेल, पण प्रश्न जुनाच आहे, प्रमाणाचा. संगणकाला लाल म्हणजे २५५, ०, ० हे तीन आकडे. आकड्यांना स्वतःचा रंग नसतो. ‘तुझ्याकडचा सर्वांत लाल लाल दाखव’ एवढाच तो निरोप. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे माप सुचवलं; बहुतेक चित्रं आजही त्याच मापाची. मॉनिटर मात्र आता त्याहून मोठ्या रंगपल्ल्याचे येतात, आणि निरोप भडक होऊन पोचतो.

आम्ही स्वतः फसलो. नव्या मॉनिटरवर आईच्या फोटोतले गाल लालभडक दिसले, म्हणून आम्ही रंग उतरवले आणि फोटो तसाच सेव्ह केला. छापून आला तो आजारी चेहरा. दोष मॉनिटरचा, शिक्षा फोटोला.

लगामाच्या तीन रीती पाहू. पहिली, मॉनिटरचा आयसीसी प्रोफाइल. तो वाचणारं सॉफ्टवेअर रंग नीट दाखवतं. पण विंडोजवर कित्येक सॉफ्टवेअर तो वाचतच नाहीत. आमचं तेच झालं.

दुसरी, ग्राफिक्स कार्डापाशीच रंग आवरणं. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये तशी सोय आहे. एनव्हिडियासाठी ‘नोव्हिडिओ एसआरजीबी’ हा छोटा प्रोग्राम आहे. डिस्प्ले पी३ पल्ल्याच्या पडद्याला मग २५५, ०, ० ऐवजी साधारण २३४, ५१, ३५ जातात, आणि सगळा पडदा ताळ्यावर येतो. पण हिशेब कशावर? ईडीआयडीवर, म्हणजे मॉनिटरने स्वतःविषयी दिलेल्या जबानीवर. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा हवा. इथे तर एका मॉडेलच्या सगळ्या मॉनिटरांना बऱ्याचदा एकच जबानी पढवलेली असते.

तिसरी, कलरीमीटरने पडदा मोजून थ्रीडी लट बसवणं. हे प्रत्यक्ष प्रमाण, सर्वांत काटेकोर. पण ‘डीडब्ल्यूएम लट’सारखा प्रोग्राम विंडोजच्या पडदा रंगवण्याच्या यंत्रणेतच हात घालतो, अपडेट आलं की बिघडू शकतो.

आमचा कौल दुसऱ्या रीतीला, पण जबानीऐवजी मोजलेला प्रोफाइल देऊन. ‘नोव्हिडिओ एसआरजीबी’त ते करता येतं. मात्र लगाम असताना फोटोच्या सॉफ्टवेअरला पडदा एसआरजीबीचाच आहे असं सांगा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होऊन रंग फिके पडतील. आणि मोठ्या पल्ल्याचा फोटो पाहताना लगाम सोडा.

फोटोला हात लावण्याआधी एवढं कराच, आणि मूळ प्रत वेगळी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.