वरोऱ्याचा कोळसा-लोहमार्ग : साधनांची चिकित्सा

शिवाजी पार्कात राहून महाराष्ट्रातील कोळसा-लोहमार्गांचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम मुंबईच्या दप्तरखान्याची वाट धरतो आणि तेथेच त्याची फसगत होते. वर्धा ते वरोरा हा लोहमार्ग १८७७ च्या सुमारास मध्यप्रांतात सरकारी खर्चाने झाला. चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. तेव्हा मूळ कागदांचा शोध नागपूर व दिल्ली येथेच घ्यावयास हवा.

मुद्रित साधनांत ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील १८७७ चा ग्रंथ अग्रगण्य होय. थरांची जाडी, छिद्रणाच्या नोंदी, कोळशाची प्रत यांविषयीची त्यांची काटेकोर वृत्ती आजही आदरास पात्र आहे. तथापि ह्यूज भूशास्त्रज्ञ होते. जमिनीत कोळसा किती व कसा, एवढाच त्यांचा प्रश्न. त्याबद्दल त्यांस दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष येतो तो पुढील इतिहासकारांकडे, कारण त्यांनी हाच प्रश्न लोहमार्गाचाही मुख्य प्रश्न मानला. १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर वापरतानाही सावधगिरी हवी. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली होती. म्हणजे ही हकीकत शेवट ठाऊक असलेल्यांनी लिहिलेली आहे.

या मार्गाचे नावच दिशाभूल करणारे आहे. सरकारी दप्तरात तो ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ म्हणून नोंदला गेला. परंतु वाटेवर हिंगणघाट आहे, आणि हिंगणघाटचा कापूस वरोऱ्याच्या कोळशाहून अधिक नावाजलेला होता. नागपूरपर्यंतचा मुख्य मार्ग १८६७ मध्येच खुला झाला होता आणि तो वर्ध्यावरून मुंबईस जात होता. वऱ्हाड-मध्यप्रांताचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांचे अहवाल बाजूस ठेवून केवळ खाणीचे आकडे मांडणारा प्रबंध अर्ध्याच मालगाडीचा इतिहास सांगेल.

सर्वांत मोठी उणीव मजुरांची. मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या अभ्यासकाचे भाग्य थोर : १८७७ पासून ‘दीनबंधू’ आहे, १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी भरवलेली सभा आहे, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आहे. शिवाजी पार्कपासून ती जागा फार दूर नाही. खाणींना मात्र पहिला कायदा लाभला तो १९०१ मध्ये. त्यानंतर वरोऱ्याची खाण जेमतेम पाच वर्षे चालली. या कायद्याखालील निरीक्षकांच्या अहवालांचा आधार मिळतो तो या अखेरच्या वर्षांपुरता. त्याआधीच्या तीन दशकांतील खाणकरी शोधावयाचा तर तो सरकारी जमाखर्चातच शोधावा लागेल. आणि आजवर जे रकाने केवळ कोळशाचा उत्पादनखर्च काढण्यासाठी वाचले गेले, तेच मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि ठेकेदाराचा वाटा यांसाठी पुन्हा वाचावे लागतील.