छोटा संगणक : किंमत आणि वाढीची सोय

शाळांकडे येणाऱ्या दरपत्रकांत अलीकडे एक नवा प्रकार दिसू लागला आहे. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पडद्याच्या पाठीमागे स्क्रूने बसवता येणारी, आणि आत पूर्ण संगणक. जागा कमी, आवाज कमी, वीज कमी. हे सगळे खरे आहे. पण दरपत्रकात किमतीचा रकाना असतो. चार वर्षांनी या पेटीत काय बदलता येईल, याचा रकाना नसतो. शाळेच्या दृष्टीने हा दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न नवा नाही. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक निवडला गेला. त्याच्या 'बी' प्रकारात स्मृती, म्हणजे मेमरी, होती ३२ किलोबाइट. १६ किलोबाइटचा स्वस्त 'ए' प्रकारही निघाला होता. त्यात राहिलेल्या चिप बसवल्या की त्याचा 'बी' करता येई. आत काही खाचा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या होत्या. आज सोळा गिगाबाइट, म्हणजे त्याच्या पाच लाखांहून अधिक पट स्मृती, सर्रास मिळते. मात्र रिकामी खाच मिळेलच असे नाही.

बाजारातील छोट्या संगणकांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्हो थिंकसेंटर टायनी यांसारख्या सुमारे एक लिटर आकारमानाच्या पेट्या येतात. झाकण काढले की स्मृतीच्या दोन खाचा दिसतात. त्यात लॅपटॉपमधली आखूड पट्टी बसते. साठवणीची चकतीही बदलता येते. दुसऱ्या गटात स्मृती कायमची जोडलेली असते. ॲपलचा मॅक मिनी हे त्याचे ठळक उदाहरण. २०१४ च्या मॅक मिनीत स्मृती मंडलावर डाखलेली होती, २०१८ मध्ये खाचा परत आल्या आणि २०२० पासून स्मृती थेट प्रोसेसरच्याच आवरणात गेली.

यात केवळ कंपनीचा हट्ट नाही. स्मृती प्रोसेसरला खेटून असली की तारांचे अंतर घटते, वेग वाढतो, वीज वाचते. २०२४ च्या मॅक मिनीतील एम ४ चिपला स्मृतीशी सेकंदाला १२० गिगाबाइट या गतीने देवघेव करता येते. डीडीआर ४, ३२०० जातीच्या दोन पट्ट्या मिळून ५१ च्या आसपास. म्हणजे बंद पेटीला तांत्रिक कारण आहे. पण तिची किंमतही पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा १६ गिगाबाइट स्मृती व २५६ गिगाबाइट साठवणीचा मॅक मिनी ५९,९०० रुपयांना होता. साठवण दुप्पट हवी तर ७९,९००; शिवाय स्मृती २४ हवी तर ९९,९००. प्रत्येक पायरीला वीस हजार, आणि स्मृतीचा निर्णय खरेदीच्याच दिवशी घ्यायचा. पुढे काय लागेल याचा अंदाज आज बांधायचा आणि त्याचे पैसेही आजच मोजायचे, असा हा व्यवहार आहे. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला तो परवडेल. तक्ते, मजकूर आणि प्रयोगांची चित्रे दाखवणाऱ्या शाळेला तो परवडेल असे आम्हाला वाटत नाही.

मग खाचांची पेटी निःशंक घ्यावी का? इथे एक साधे गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. बंद संगणक ४०,००० रुपयांचा आणि चार वर्षे पुरणारा, म्हणजे वर्षाला १०,००० रुपये. खाचांचा संगणक ४५,००० रुपयांचा. चौथ्या वर्षी ५,००० रुपयांची स्मृती घातली व तो सात वर्षे चालला, तर वर्षाला सुमारे ७,१४३ रुपये. पण चौथ्या वर्षी कोणी पेटी उघडलीच नाही आणि तो तसाच मोडीत गेला, तर? वर्षाला ११,२५० रुपये! न वापरलेली सोय बंद पेटीपेक्षाही महाग पडते. म्हणून सोयीची किंमत ती वापरणारा माणूस गावात आहे की नाही यावर ठरते.

सोयीला आणखी दोन मर्यादा आहेत. एक, स्मृती दरवर्षी स्वस्त होत जाते हा समज खात्रीचा नाही. २०२५ च्या अखेरीस तिचे भाव जगभर झपाट्याने चढले. शिवाय डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ ची पट्टी बसत नाही. दोन, स्मृती वाढवली म्हणजे संगणक तरुण होतो असे नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर स्वीकारते. सातव्या पिढीच्या यंत्रात ३२ गिगाबाइट घातले तरी ते अधिकृतपणे पात्र ठरत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स चालवता येते; सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही त्यातलीच एक प्रणाली. पण हा मार्ग आधीच ठाऊक असावा लागतो.

आता हदगावचा विचार करू. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. पैनगंगेपलीकडे उमरखेड, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचे ठिकाण नांदेड. इथल्या शाळेत यंत्र बिघडले तर पहिला प्रश्न असा, की सुटा भाग कुठे मिळेल? छोट्या पेट्यांत विजेचा अडॅप्टर बहुधा बाहेर असतो आणि प्रत्येक कंपनीचे टोक वेगळे. विजेच्या चढउतारात तो जळाला तर स्मृतीच्या रिकाम्या खाचा काही कामाच्या नाहीत. त्यामुळे एक अडॅप्टर जादा घेऊन ठेवावा, हे आमचे आग्रहाचे सांगणे.

दुसरीकडे, वीज जाणाऱ्या गावात छोट्या पेटीचा मोठा फायदा आहे. समजा जुना मोठा संगणक ८० वॅट घेतो, छोटा २० वॅट, आणि दोन्हींचा पडदा २० वॅट. पाच संगणकांचे एकीकडे ५०० वॅट, दुसरीकडे २००. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. म्हणजे पहिली मांडणी ३.६ तास, दुसरी ९ तास. इन्व्हर्टरमधील घट व बॅटरीचे वय यांमुळे प्रत्यक्षात दोन्ही वेळा बऱ्याच कमी भरतील. प्रमाण मात्र टिकेल. दहावीच्या मुलांना हे गणित आपल्याच शाळेचे आकडे मोजून करायला द्यावे.

आमचा निष्कर्ष असा : शाळेने छोटा संगणक जरूर घ्यावा, पण खाचांचा. एक खाच भरलेली, एक रिकामी, असा मागावा. दोन्ही खाचांत लहान पट्ट्या घातल्या तर वाढवताना एक काढून टाकावी लागते. दरपत्रकात तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : जास्तीत जास्त किती स्मृती चालते, पेटी उघडल्यास हमी राहते का, आणि दुरुस्तीला माणूस हदगावला येणार की यंत्र पाठवायचे. 'बघू, होऊन जाईल' हे उत्तर नव्हे.

शाळेसाठी आणखी एक कारण आहे. विज्ञानाच्या तासाला वीज बंद करून, वायर काढून उघडलेली पेटी हे स्वतःच एक शैक्षणिक साधन असते. प्रोसेसर, त्यावरचा पंखा, स्मृतीची पट्टी, साठवण, हे मुलांना बोटाने दाखवता येते. धूळ झाडताना, पट्टी काढून परत बसवताना दोन-चार मुलांचा हात बसला, की चौथ्या वर्षी पेटी उघडणारा माणूस बाहेरून शोधावा लागत नाही. वरच्या गणितातली सात वर्षे त्याच मुलांच्या हातून येणार आहेत.