वरातींतील 'अलबेला'

जळगांव-धुळ्याकडील वरातींत नवीं अहिराणी गाणीं कितीही वाजोत, मध्येंच 'भोली सूरत' किंवा 'शोला जो भडके' यांची चाल निघाली, कीं कडेला उभे असलेले प्रौढ गृहस्थही हात हलवूं लागतात. 'अलबेला' हा चित्रपट १९५१ सालचा. त्याच्या चालींवर आजही पाउलें कां पडतात, याचें उत्तर 'जुनें तें सोनें' एवढ्यानें मिळत नाहीं. नाचणाऱ्या विशींतील मुलाला १९५१ ची आठवण कोठून असणार? कारण त्या संगीताच्या घडणींतच शोधिलें पाहिजे.

संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनीं मुंबईच्या हॉटेलांत नाचासाठीं वाजणारें जाझ चित्रपटांत आणिलें. त्यांचे सहायक चिक चॉकलेट हे गोव्यांतील ट्रंपेटवादक. 'अलबेला'च्या पडद्यावरही ते आपल्या ताफ्यासह दिसतात. त्या हॉटेलांत खानदेशांतील सामान्य मनुष्याचें पाऊल क्वचितच पडलें असेल. परंतु ट्रंपेट व क्लॅरिनेट हीं वाद्यें लग्नाच्या बँडांतही असल्यामुळें या चालींना रस्त्यावर उतरणें सोपें गेलें.

हें उसनें संगीत आहे, असा आक्षेप ऐकूं येतो. ठेका परका आहे, हें खरें. पण चाल एकदां ऐकून गुणगुणतां यावी इतकी आपली आहे. याच चित्रपटांत त्यांनीं पिलूच्या छायेंतील 'धीरे से आजा' ही अंगाई दिली, हें आक्षेपकांनीं ध्यानांत घ्यावें. शिवाय भगवानदादांचें नृत्य पहा! स्थूल देह, आंखूड पाउलें, हातांचे सैल हेलकावे. त्यांत कसरत मुळींच नाहीं. 'हें मलाही जमेल', असा धीर तें पाहणाऱ्यास देतें. लाजऱ्या माणसाला घोळक्यांत ओढून घेण्याचें सामर्थ्य आम्हीं सामान्य मानीत नाहीं.

चिंता वाटते ती निराळीच. हल्लीं डीजेच्या भिंतींवर हींच गाणीं नव्या ठोक्यांसह वाजतात, आणि गायकाच्या ओळीला ट्रंपेटनें दिलेलें उत्तर त्या दणदणाटांत बुडून जातें. त्या सवालजबाबांतच या गाण्यांची गंमत होती. ती गेल्यावर मुलें नाचतील, पण तीं या चालीवर नाचत आहेत असें म्हणतां येणार नाहीं. यास्तव वरातींत निदान एकदां तरी हीं गाणीं बँडवाल्यांकडून वाजवून घ्यावीं, अशी यजमानांस आमची विनंती आहे.