लोणी कढतं तेव्हा

लोणकढ्या तुपाची दोन सुखं आहेत. एक खमंग वास, दुसरा जिभेवर विरघळणारा रवा. खाताना ती एकत्रच येतात, पण जन्मतात अगदी वेगळ्या वाटांनी. वास रासायनिक बदलाचा, रवा भौतिक बदलाचा. तुपाची खरी गोडी कळायला ही फोड करून पाहावी.

सुरुवात विरजणापासून. सायीत चमचाभर दही पडलं की जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागतात. नवा पदार्थ आला, म्हणजे बदल रासायनिक. सोबत डायअ‍ॅसिटिलही तयार होतं. ताज्या लोण्याच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. विरजण न लावता नुसत्या सायीचं काढलेलं तूप मला म्हणूनच नेहमी अपुरं वाटतं.

घुसळताना मात्र शाळेतली व्याख्या अडखळते. पूर्ववत करता येतो तो भौतिक बदल, असं आपण पाठ केलेलं असतं. आता लोणी आणि ताक परत ढवळून त्यांची साय करून पाहा. होणार नाही. तरीही हा बदल भौतिकच आहे. सायीत स्निग्धाचे सूक्ष्म गोळे पाण्यात पसरलेले असतात, प्रत्येकाभोवती पातळ आवरण असतं. रवीच्या माराने ती आवरणं फाटतात, गोळे एकमेकांना चिकटतात आणि आतबाहेर उलटतं: आधी पाण्यात स्निग्ध होतं, आता स्निग्धात पाण्याचे थेंब अडकतात. रेणू तेच, मांडणी निराळी. तेव्हा पूर्ववत होतं का, यापेक्षा नवं काही जन्मलं का, हा प्रश्न अधिक भरवशाचा.

मग कढवणं, आणि इथे मी हवा तितका वेळ रेंगाळायला तयार आहे. लोणी वितळतं, फेस चढतो, तडतड सुरू होते. ही तडतड पाण्याची. घरच्या लोण्यात निदान सहावा हिस्सा पाणीच असतं आणि ते आहे तोवर पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं, आच कितीही वाढवली तरी. एवढा सगळा वेळ मुख्यतः वितळणं आणि वाफ होणं चाललेलं असतं. मग आवाज मंदावतो. बुडबुडे बारीक होतात, तूप पारदर्शक दिसू लागतं. पाणी संपलं, आता तापमान ११०-१२० कडे चढू शकतं. तळाशी बसलेली प्रथिनं आणि उरलेली साखर यांची अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूसपणा आणि भाजलेल्या कॉफीचा दरवळ हीही तिचीच करणी. खुद्द स्निग्धातूनही तापल्यावर लॅक्टोन नावाची सुवासिक द्रव्यं सुटतात. तुपाचा सारा खमंगपणा या शेवटच्या काही मिनिटांत ठरतो. आधी उतरवलं तर तूप कच्चट, जरा उशीर झाला तर करपट. शिवाय गॅस बंद केल्यावरही तापलेलं पातेलं काम करतच राहतं, म्हणून जाणती माणसं तळाची बेरी बदामी झाली की उतरवतात, गडद व्हायची वाट पाहत नाहीत. कान आणि नाक यांच्याइतकं नेमकं साधन त्या क्षणी दुसरं नाही.

पुढे रवा. तुपात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारी स्निग्धं असतात. सावकाश निवू दिलं की जास्त तापमानाला गोठणारी आधी जमू लागतात, त्यांचे स्फटिक निवांत वाढतात आणि तूप कणीदार होतं. घाईने फ्रीजमध्ये ठेवलं तर कण बारीक राहतात, तूप गुळगुळीत थिजतं. रवा बिघडला तरी हळहळायला नको. पुन्हा पातळ करावं, ओट्यावर सावकाश निवू द्यावं, रवा परत येतो. करपट वासाला मात्र असा उपाय नाही.

राहिली बेरी. तूप गाळल्यावर ती टाकून देणाऱ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या वासाचा मोठा भाग तयार झाला तो तिच्या कणाकणावर. तुपाने तो फक्त उचलून घेतला. पातेलं कोमट आहे तोवर तिच्यात साखर किंवा किसलेला गूळ घालून खावी.