नर्मदा-परिक्रमेचे वाङ्मय

नर्मदेची पायी परिक्रमा करणारास दोन बंधने कटाक्षाने पाळावी लागतात. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही. अमरकंटकापासून भडोचच्या पुढे सागरापर्यंत नदीची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर; दोन्ही काठ धरले म्हणजे चाल अडीच हजारांहून अधिक होते. परंपरेने तिला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस नेमून दिले आहेत. या बंधनांचा धर्मशास्त्रीय ऊहापोह येथे अभिप्रेत नाही. त्यांनी मराठीत एका वाङ्मयप्रकारास आकार कसा दिला आणि त्या आकारातच कोणता दोष वाढीस लागला, एवढाच प्रश्न पुढे आहे.

मराठी वाचकास पायी यात्रा ठाऊक असते ती वारीमुळे. वारीला पंढरपूर आहे. चालणाऱ्याची सगळी आर्तता कळसाच्या दर्शनात विसावते. परिक्रमेला असे पोहोचावयाचे ठिकाण नाही. ओंकारेश्वराहून निघालेला ओंकारेश्वरीच परत येतो. तेव्हा तिच्या वर्णनकाराला उत्कर्षबिंदू आयता मिळत नाही. तो वाटेतच कोठेतरी शोधावा लागतो. लेखकाने तो कशात शोधला, यावरून त्याच्या पुस्तकाची जात ओळखावी.

गो. नी. दांडेकरांनी तो माणसांत शोधला. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ कादंबरी म्हणून वाचली जाते, पण तिचा पाया त्यांनी स्वतः केलेल्या परिक्रमेचा आहे. शीर्षकातच चालणाऱ्याचे नाव गाळलेले आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. चालणारा ‘कुणी एक’ झाला म्हणजे काठावरच्या माणसांना पुढे येण्यास जागा मिळते. दांडेकरांची भाषा कधीकधी भावनेच्या भरात ओथंबते, हे मान्य केलेच पाहिजे. तरी त्यांच्या पानांवर भेटलेले माणूस हे माणूसच राहते.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांची वाट निराळी. नंदलाल बोस यांचे हे शिष्य १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने चालू लागले. त्यांनी परिक्रमा एका दमात केली नाही. सवडीप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी केली आणि हिंदीत व गुजरातीत लिहिली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकास २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. व्रतस्थांना त्यांची खंडयात्रा अपुरी वाटली असेल. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने तिचा लाभ मोठा आहे. पुण्याचा हिशेब मागे पडल्यामुळे घाटावर धुणे धुणारी बाई त्यांच्या रेखाटनात धुणे धुणारीच राहते. तिला कोणाचा अवतार व्हावे लागत नाही.

मराठीत अलीकडे आलेला ओघ मात्र तिसऱ्याच दिशेस गेला. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने अनेकांस या वाटेकडे वळविले. त्यांच्या लेखनातील मोकळेपणा हा त्यांचा स्वतःचा आहे. त्याचे अनुकरण करणाऱ्यांना तो साधला नाही, केवळ प्रसंगांचा क्रम साधला. आता पुस्तक उघडण्यापूर्वीच क्रम सांगता यावा : संकल्प, घरच्यांचा विरोध, पायाचे फोड, वाट चुकणे, संध्याकाळची भूक, आणि ऐन वेळी कोठूनशी आलेली एक म्हातारी अथवा मुलगी, जी भाकरी देते व मागे वळून पाहावे तो दिसेनाशी होते. मैया स्वतः येऊन गेली! उत्कर्षबिंदू सापडला.

माझा आक्षेप श्रद्धेवर नाही, त्या भाकरीच्या वर्णनावर आहे. नर्मदेच्या काठी परिक्रमावासीयास शिधा देण्याची, सदावर्त चालविण्याची जुनी रीत आहे. ती गोंड, भिल्ल, केवट आणि निमाडी शेतकरी यांच्या घरांतून, बहुधा तुटपुंज्या धान्यातून चालत आली. दाणे कोणी दळले, चूल कोणी पेटविली, त्या रात्री घरात कोण अर्धपोटी निजले, हे लेखक विचारीत नाही. दात्यात देवता पाहणे हा दात्याचा गौरवच नव्हे काय, असा प्रतिवाद केला जातो. गौरव खरा, पण तो स्वीकारण्यास ती बाई पानावर उरलेली नसते. जनाबाईच्या घरी देव दळावयास येतो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. देव आला म्हणून जनी नाहीशी झाली नाही. तिचे जाते, तिचा शीण, तिची रात्र सारे जागच्या जागी आहे. किंबहुना त्यामुळेच देवाचे येणे खरे वाटते.

भारती ठाकूर यांचे ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ येथे आठवावे. परिक्रमेनंतर पुढे त्या मुलांच्या शिक्षणाच्या कामासाठी निमाडात जाऊन राहिल्या. शीर्षक आतील प्रवासाचे आहे, पण पाय बाहेरच्या गावांत रोवले गेले.

शूलपाणीच्या झाडीचे प्रकरण याहून अवघड. सातपुडा-विंध्याच्या या अरण्यात भिल्ल परिक्रमावासीयास लुटीत आणि तो लंगोटीनिशी पुढे जाई. याचा भक्तिपर अर्थ ठरलेला आहे : मैया आसक्ती उतरवून घेते. अर्थ सुंदर आहे, आणि सोयीचाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव ठरलेल्या जंगलांत ज्याचे स्वतःचेच पुष्कळ काढून घेतले गेले, त्याने वाटसरूची घोंगडी ओढली, तर त्या कृतीस त्याच्या बाजूचाही काही अर्थ असणार. भिलालांच्या ‘गायणा’त नर्मदेच्या जन्माची स्वतंत्र कथा गाइली जाते. काठावरील माणसांना नदीविषयी सांगावयाचे होते. आमच्या पुस्तकांनी त्यांना एक तर लुटारू केले, नाही तर देवता.

आता ती झाडीही पूर्वीची राहिलेली नाही. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ मध्ये बसली, लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला, १३८.६८ मीटर उंचीचे धरण २०१७ मध्ये राष्ट्रार्पण झाले आणि २०१९ मध्ये काठोकाठ भरले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. वर बर्गीच्या जलाशयाने वेगडांच्या पहिल्या यात्रेची वाटही गिळली. त्यामुळे जुन्या परिक्रमा-पुस्तकांचे स्वरूप पालटले आहे. लेखकांच्या मनात नसताना ती नाहीशा झालेल्या गावांची दप्तरे बनली आहेत, आणि ज्याने गावाचे नाव, घाटाची पायरी, घरधन्याचे बोलणे टिपले नाही, त्याच्या हातून गेलेले आता कोणालाच मिळणार नाही.

दक्षिण तटाने जाणारे पुष्कळ परिक्रमावासी आज शहादा, प्रकाशा या मार्गाने नंदुरबार जिल्ह्यातून जातात. तेथे नर्मदा दृष्टीस पडत नाही. मध्ये सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. प्रकाशाला स्नान घडते ते तापीत. नियम मोडलेला नाही, नदी उजव्याच हातास आहे, पण चालणाऱ्यास ती केवळ मानावी लागते. हे दिवस बहुतेक पुस्तकांत दोन-चार ओळींत उरकलेले आढळतात. न दिसणाऱ्या नदीच्या कडेने डांबरी रस्त्यावर, विस्थापितांच्या नव्या वसाहती असलेल्या जिल्ह्यातून, माणूस काय मनात घेऊन चालतो, हे लिहिणारे पुस्तक मी अद्याप वाचलेले नाही.