जवारी कुणाची?

आमचे मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर. तंतुवाद्यांचे मिरज सांगली जिल्ह्यात. दोन्ही गावांत साम्य आहे ते नावाचे. पण हाच रस्ता पुढे ज्या सोलापूर जिल्ह्यात उतरतो, तिथल्या पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातले मोठे कडू भोपळे मिरजेला जातात आणि तंबोरे होऊन देशभर पोहोचतात. तंबोऱ्यासमोर बसलेल्या गायकाचे घराणे, गुरू, बंदिशी यांवर आपण पानेच्या पाने लिहिली. तो तंबोरा बोलता करणाऱ्या हाताविषयी आपली संगीतसमीक्षा काय म्हणते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मिरजेची कथा सर्वत्र एकाच पद्धतीने सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांची मागणी ओसरली. शस्त्रांना धार-पाणी देणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. कथा खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण ती मूळ पुरुष आणि आश्रयदाता यांच्यापाशीच थांबते. नंतरच्या पिढ्या ‘परंपरा’ या एका शब्दात गुंडाळल्या जातात.

त्या पिढ्यांनी केले काय? सुकलेला भोपळा भिजवून कापायचा, आतून साफ करायचा, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, तबली बसवायची, नक्षी आणि पॉलिश करायचे. एवढे झाले तरी वाद्य मुकेच असते. खरे काम घोडीवर होते. घोडीचा सपाट दिसणारा माथा कानसीने अगदी किंचित उतरता घासायचा, म्हणजे कंप पावणारी तार त्याला निसटता स्पर्श करत राहते. मग तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून नेमकी जागा शोधायची. हीच जवारी. तिला मोजपट्टी नाही. घासणे आणि ऐकणे आळीपाळीने चालते. एक कानस जास्त झाली की तार भणभणते, कमी पडली की ठोकळ्यासारखी वाजते. तारांनी घोडीवर चरे पाडले की सारे पुन्हा करायचे. वाद्य एकदाच विकले जाते, जवारी मात्र जन्मभर काढावी लागते.

या कामाची थोरवी एका शास्त्रज्ञाला दिसली. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असे यंग-हेल्महोल्ट्झ नियम सांगतो. तंबोऱ्यात ते जोमाने उमटतात, आणि याचे कारण त्या रुंद, वक्र घोडीत आहे, हे त्यांनी दाखवले. तंबोऱ्यावर न लावलेला गंधार खर्जातून ऐकू येतो, त्याला आपण ‘स्वयंभू’ म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण त्यात कारागीर पुसला जातो. बिघडलेल्या जवारीतून तो गंधार नीट येत नाही. त्याला उगवायला कुणाचा तरी कान लागतो.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. ऑर्गन म्हणताच आपल्याला संगीत नाटकाची पायपेटी आठवते. तिचा स्वर धातूच्या पट्ट्यांतून येतो. चर्चमधला मोठा ऑर्गन वेगळा, तो नळ्यांचा. शिसे आणि कथील यांचा रस लांब मेजावर ओतून पत्रा करायचा, साच्यावर वळवून नळी डाखायची. मग दुसरा कारागीर तिचे तोंड कापून, बारीक खाचा पाडून तिला आवाज देतो. जवारीचीच ही दूरची बहीण. बॉस्टनच्या अर्नेस्ट स्किनर यांच्यासारखे निर्माते आपल्या प्रत्येक ऑर्गनला संगीतकृतीसारखा ‘ओपस’ क्रमांक देत. नळी वळवणारा मजूर तिथेही बहुधा निनावीच राहिला. पण वाद्याला स्वतःची नोंद मिळाली, आणि त्या नोंदीमुळे संशोधकाला निदान कारखान्याच्या दारापर्यंत तरी जाता येते. आपल्या नामवंत गायकांचे तंबोरे कोणत्या वर्षी, कुणी घडवले, जवारी कुणी काढली, हे शोधायला कोणती वही उघडायची?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नकली मालापासून गावाचे नाव वाचेल, हे स्वागतार्हच. पण मानांकन गावाला मिळते, कानाला नाही. भोपळा, लाकूड, मापे कागदावर उतरतात. घासणे कुठे थांबवायचे, ते उतरत नाही. 1979 पासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, आता तो मोबाइलमध्येही शिरला आहे. त्याला जवारी काढावी लागत नाही, म्हणून तो सोयीचा. आणि म्हणूनच काढणाऱ्याचे काम घटवणारा. ज्याचे नाव कधी घेतलेच नाही, तो गेल्याचेही कुणाला कळणार नाही.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि वाद्ये स्वतः दुरुस्तही करत. गाणारा आणि घासणारा यांच्यातली भिंत त्यांनी मानली नाही. ती आपल्या लेखणीने घातली. ती पाडायला मोठा ग्रंथ नको. मैफलीच्या पत्रिकेत, ध्वनिमुद्रिकेवर, वृत्तान्तात तबला आणि पेटीच्या साथीदारांखाली एक ओळ वाढवावी : तंबोरे अमक्याचे, जवारी तमक्याची. जो समीक्षक ही ओळ लिहायला बसेल, त्याला आधी जाऊन विचारावे लागेल. संशोधन तिथूनच सुरू होते.